हिवाळ्यात गॅरेजचं छप्पर गळतंय, कमी खर्चात काय करता येईल?

रंधा_पटाशी

मंडळी, मदत हवी आहे.

ऐन हिवाळ्यात गॅरेजचं छप्पर गळायला लागलंय. गॅरेज घराच्या भिंतीला लागून आहे, साधारण ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. गेला आठवडाभर आत तीन बादल्या मांडून ठेवल्या आहेत. एक गाडीच्या बॉनेटपाशी, एक मागच्या कोपऱ्यात आणि एक माझ्या कामाच्या टेबलावर. या टेबलावरच्या बादलीचं जास्त लागलंय मनाला. तिथे वडिलांची सुतारकामाची पेटी असते. काल उघडली तर रंध्याच्या पात्यावर तांबूस ठिपके दिसले. चाळीस वर्षं त्यांनी त्या पात्याला गंज लागू दिला नव्हता.

सगळं छप्पर बदलण्याइतके पैसे आत्ता नाहीत. उन्हाळ्यापर्यंत कसंबसं निभवायचं आहे. दुकानात डांबराचे डबे, सिलिकॉनच्या नळ्या, नाना तऱ्हेच्या चिकटपट्ट्या दिसतात. थंडीत यातलं काय धरतं? कोणी केलंय का हे काम?

झटपट

भोक शोधा, सिलिकॉन मारा. दहा मिनिटांचं काम आहे.

मिस्त्रीकाका

थांबा हो, इतकी घाई नको. छप्पर कशाचं आहे ते आधी सांगा. जस्ती पत्रा, सिमेंटचा पत्रा, लाकडी फळ्यांवर डांबरी फेल्ट (डांबरात भिजवलेली जाड चादर), की स्लॅब? या प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. उतार कोणत्या दिशेला आहे? आणि पाणी कधी गळतं, पाऊस पडत असताना, पाऊस थांबल्यावर, की बर्फ वितळताना? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर निम्मं काम झालंच म्हणा.

पागोळी

काकांना अनुमोदन. त्यात एक भर घालते. थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असेल असं अजिबात धरून चालू नका. आमच्याकडे पाणी दारापाशी टपकायचं आणि मी दोन हिवाळे दारावरचाच पत्रा बुजवत बसले. शेवटी एका पावसात बॅटरी घेऊन आत उभी राहिले आणि ओली रेघ मागे मागे बघत गेले. पाणी वरच्या टोकाला एका स्क्रूमधून आत येत होतं, मग वाशाच्या खालच्या कडेवरून दोन मीटर घसरत येऊन गाठ लागली की तिथे टपकत होतं. लाकडावर पाण्याचा काळपट माग राहतो, तो बघा. कोरड्या दिवशी खडूने त्याच्या बाजूला खुणा करून ठेवा. पुढच्या पावसात ओल कुठवर सरकते ते लगेच कळतं.

रंधा_पटाशी

काका, छप्पर जस्ती नालीच्या पत्र्याचं आहे, खाली लाकडी वासे, स्क्रूने बसवलेलं. एकाच बाजूला उतार, घराच्या भिंतीकडून बाहेर. वरची कड घराच्या भिंतीला टेकते, तिथे पत्र्याची एक वाकवलेली पट्टी भिंतीच्या खाचेत घातलेली आहे.

गळतं कधी, हे मात्र विचित्र आहे. पावसात मागच्या कोपऱ्यात गळतं. पण टेबलावर आणि गाडीवर कोरड्या, कडक थंडीच्या सकाळीही थेंब पडलेले असतात. रात्री पावसाचा टिपूस नसतो, तरी!

दवबिंदू

"रात्री पावसाचा टिपूस नसतो, तरी" हे वाक्य वाचलं आणि खुर्चीत सरसावून बसलो. टेबलावरचं आणि गाडीवरचं पाणी बाहेरून येतच नसावं. ते तुमच्या गॅरेजमधल्या हवेतलंच पाणी आहे.

उघडा पत्रा रात्री आभाळाकडे उष्णता टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आतली दमट हवा त्याला खालून लागली की पाणी सुटतं. २० अंश सेल्सियसच्या हवेत घनमीटरमागे १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. उरलेली जाणार कुठे? पत्र्याला चिकटते, गोठते, आणि सकाळी ऊन आलं की एकदम पागोळ्या सुरू. लोकांना वाटतं छप्पर फुटलं.

तपासायचं कसं: कोरड्या संध्याकाळी टेबलाच्या वरच्या पत्र्याची खालची बाजू फडक्याने पुसून कोरडी करा. सकाळी उठल्यावर तळहात फिरवा. एकाच जागी ओल असेल तर गळती. सगळीकडे बारीक घाम सुटल्यासारखे थेंब असतील तर दव.

आणि हे सांगा, गॅरेजमध्ये रात्री काय काय असतं? ओली गाडी? वाळत घातलेले कपडे? हीटर?

झटपट

म्हणजे छताला घाम फुटलाय! गळतीच्या बिलाचा आकडा ऐकला असेल :)

दवबिंदू

झटपटराव, घाम कसला, फुकटात सुटणारी गळती आहे ही!

मावळतीचं_ऊन

वाचतेय. माझाही प्रश्न इथेच विचारू का? आमचं गॅरेज जुनं आहे, छप्पर करड्या रंगाच्या सिमेंटच्या नालीदार पत्र्याचं. एक कोपरा तडकलाय. ड्रिलने भोक पाडून वरून दुसऱ्या पत्र्याचा तुकडा बसवायचा विचार होता. आणि त्याआधी शेवाळ काढायला जोराच्या पाण्याने धुवून घेणार होते.

मिस्त्रीकाका

ताई, ड्रिल खाली ठेवा आणि धुण्याचा विचारही सोडा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असायची दाट शक्यता असते. ब्रिटनने त्याचा वापर १९९९ मध्ये बंद केला, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, पण आधी बसवलेले पत्रे जागच्या जागी आहेत. पत्रा शाबूत असताना ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. कापलं, भोक पाडलं, घासलं किंवा पाण्याचा जोराचा फवारा मारला की ते सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून फुप्फुसात जातात, आणि त्यातून होणारा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. एवढ्या उशिरा दिसतो म्हणून माणसं हे गंभीरपणे घेत नाहीत, याचा मला फार त्रास होतो. माझ्या बरोबरीने काम केलेली माणसं अशी गेली आहेत.

पत्र्याचा एक नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. तो कसा काढायचा हे त्यांनाच विचारा. तोवर तडकलेल्या भागाला हात लावू नका, खाली बादली ठेवा आणि वरून ताडपत्री टाकायची तर शिडीवरून, पत्र्यावर पाय न देता.

आढेवासे

पाय न देता, हे दहा वेळा लिहा काका.

मी सिमेंटच्या पत्र्यावर चढलो होतो. स्क्रूच्या ओळीवरून चाललो की खाली वासा असतो, काही होत नाही, असं मला एकाने सांगितलं होतं. तीन पावलं नीट गेली. चौथ्या पावलाला बिस्किट मोडावं तसा आवाज आला आणि मी खाली जमिनीवर. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. डोकं व्हाइसपासून (काम पकडून धरायच्या लोखंडी शिकंजापासून) वीतभर अंतरावर आपटलं. ती वीत कमी पडली असती तर आज हे लिहायला मी नसतो. बायको घरात होती म्हणून लगेच दवाखान्यात नेता आलं.

सिमेंटचा पत्रा पुढे काही न दाखवता फुटतो, वाकत नाही, कुरकुरत नाही. थंडीत दंव पडलेला जस्ती पत्राही काचेसारखा निसरडा असतो. जे काही करायचं ते कडेला शिडी लावून, खाली कोणीतरी शिडी धरून उभं असताना, आणि भर दुपारी दंव विरल्यावर. छप्पर परत बसवता येतं.

पागोळी

आढेवासे दादा, हात आता पूर्ण बरा आहे ना?

आढेवासे

हो ताई, थंडीत ठणकतो थोडा. पेचकस धरता येतो, त्यात समाधान आहे.

रंधा_पटाशी

दवबिंदू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, संध्याकाळी मी टेबलावर काम करतो तेव्हा गॅसच्या बाटलीवर चालणारा हीटर लावतो. दोन-तीन तास. दार बंद असतं, नाहीतर ऊब टिकत नाही. आणि छप्पर गळायला लागल्यापासून "आतलं वाळू दे" म्हणून तो आणखी जास्त वेळ लावतोय.

दवबिंदू

तो आजपासून बंद करा! कळकळीने सांगतोय.

१ किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि धुराडं नसलेल्या हीटरमधून ते सगळंच्या सगळं तुमच्या गॅरेजमध्ये. तुम्ही वाळवायला म्हणून जो लावताय तोच छताला पाणी पाजतोय. शिवाय बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. विषाची परीक्षा नको.

हवा खेळती ठेवा. दाराच्या वर आणि समोरच्या भिंतीत, उंचावर, दोन जाळीच्या फटी असल्या तरी पुरे. ओली गाडी आत घेण्याआधी तिच्यावरचा बर्फ बाहेरच झाडा.

निळी_शाई

अवांतर: रंध्याच्या पात्यावरचे ठिपके अजून वरवरचे असतील तर बारीक पोलादी लोकर आणि थोडं मशीनचं तेल घेऊन हलक्या हाताने घासा. मग तेलाचा पातळ हात देऊन पेटी घरात आणा. गॅरेजचं व्हायचं तेव्हा होईल.

रंधा_पटाशी

निळी शाई, पेटी आत आणली. दिवाणखान्यात आहे. धन्यवाद, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

झटपट

बरं, दवाचं कळलं. पण मागच्या कोपऱ्यात पावसात गळतं ते तर खरं भोक आहे ना? मग सिलिकॉनला एवढा विरोध का? आमच्या न्हाणीघरात सहा वर्षं टिकलंय.

मिस्त्रीकाका

न्हाणीघरात टिकेल हो, तिथे ते घरच्या उबेत, कोरड्या टाइलला चिकटतं. पत्र्यावर तीन अडचणी आहेत. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते वाळताना आम्ल सोडतं आणि जस्ताचा थर खातं. दुसरं, डांबरावर ते नीट धरत नाही. तिसरं मला सगळ्यात छळतं. एकदा सिलिकॉन लागलं की त्याच्यावर पुढे रंग, डांबर, दुसरं सीलंट, काहीच चिकटत नाही. उन्हाळ्यात नीट दुरुस्ती करायला जाल तेव्हा आधी अख्खा दिवस ते खरवडण्यात जाईल. चार महिन्यांची मलमपट्टी करताना पुढच्या कामाची वाट लावू नये.

पत्र्यासाठी पॉलियुरेथेन सीलंट घ्या, नाहीतर ब्यूटिलची चिकटपट्टी. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणावर घट्ट होतं, थंडीत फक्त जास्त वेळ घेतं.

झटपट

हे मला माहीत नव्हतं. सिलिकॉनचा सल्ला मागे घेतो.

दुपाखी

डांबराला का वगळताय? आमच्या सपाट छतावर मी डिसेंबरमध्येच डांबरी मलम भरलं आणि ते चांगलं धरलं. घट्ट होतं म्हणून डबा रात्रभर घरात ठेवला आणि दुपारी वापरला. भेगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं थापी फिरवली, मध्ये काचतंतूची जाळी दाबली आणि वरून पुन्हा मलम. फेल्टवर फुगा आला असेल तर अधिक चिन्हासारखा छेद द्या, चारी पाकळ्या उघडून आतलं पाणी पुसा, मग बंद करा. पाणी आत ठेवून वरून ठिगळ लावलं तर गोठताना ते ९ टक्के फुगतं आणि ठिगळच उचकटतं.

दुकानदार पाण्यात मिसळलेलं पांढरं, रबरासारखं लेपन देऊ करेल. उन्हाळ्यात ते छान. हिवाळ्यात घेऊ नका. बहुतेक डब्यांवर ५ अंशांच्या खाली वापरू नका असं लिहिलेलं असतं, आणि ते रात्रीलाही लागू आहे. दुपारी ८ अंश असताना लावलं आणि रात्री गोठलं की सकाळी दह्यासारखं फाटलेलं दिसतं. माझा अख्खा डबा असाच वाया गेला.

मिस्त्रीकाका

दुपाखी, फेल्टसाठी तुमचं अगदी बरोबर आहे. मी जस्ती पत्र्याबद्दल बोलत होतो. पत्रा उन्हाथंडीत इतका लांबतो-आखडतो की डांबराचा जाड थर दोन हंगामांत तडकतो.

आणि कोणीही हे मनात आणू नका: घरच्या घरी गॅसची मशाल घेऊन फेल्ट वितळवणं. खाली लाकूड, त्याखाली पेट्रोलची टाकी असलेली गाडी. लाकूड आतून तासन्‌तास धुमसतं आणि पेट मध्यरात्री घेतं.

मावळतीचं_ऊन

काका, नमुना तपासायला द्यायचं ठरवलंय. तोपर्यंत ताडपत्री. ती कशी बांधायची? मागे एकदा बांधली होती तर मधोमध तळं साचलं आणि सगळी फाटली.

पागोळी

तळं साचतं कारण ताडपत्री सैल असते आणि वरची कड छपराच्या मध्येच संपते. वरची कड छपराच्या सर्वात उंच टोकापलीकडे न्या, म्हणजे पाणी तिच्याखाली शिरणारच नाही. खालची कड पन्हाळीच्या पुढे लोंबू दे. कडा लाकडी पट्टीला दोन वेढे गुंडाळा आणि दोर त्या पट्टीला बांधा. नुसत्या कडीला बांधलेली ताडपत्री वाऱ्याने त्या कडीपाशीच फाटते. तिला खिळे अजिबात नकोत, तेवढीच नवीन भोकं.

वजनाचा अंदाज असू दे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे १ लिटर. धागाकर्त्यांच्या १८ चौरस मीटरवर १० मिलिमीटर पडला तर १८० लिटर. एवढं वाहून गेलं तर ठीक, साचलं तर माणूस उभा केल्याहून जड.

रंधा_पटाशी

आज ढग होते पण पाऊस नव्हता, दुपारी ७ अंश. मेहुणा शिडी धरायला आला. बघितलं ते सगळं लिहितो.

आधी आतून वासे पेचकसाने टोचून बघितले. मागच्या कोपऱ्यातला एक वासा वरून काळा पण आत घट्ट आहे. बाकी ठणठणीत.

मग भिंतीची बाजू. पागोळी ताई म्हणाल्या तसा काळा माग वर वर गेला आणि थेट भिंतीच्या सांध्यापाशी पोचला. वाकवलेल्या पट्टीवरचं सिमेंट साधारण हातभर लांबीत निघून गेलंय. बोटाने ओढली तर पट्टी खाचेतून बाहेरच आली. भिंतीवरून येणारं पाणी तिच्या मागून सरळ आत उतरतंय. शिवाय उजवीकडच्या ओळीतल्या चार-पाच स्क्रूंच्या रबरी वॉशरना भेगा पडल्यात. एक तर हातात घेतल्यावर चुरा झाला.

खाचेत पुन्हा सिमेंट भरू का?

मिस्त्रीकाका

शाब्बास, असं बघायचं असतं.

सिमेंट आत्ता नको. ताजं सिमेंट रात्री गोठलं की भुसभुशीत होऊन गळून पडतं. असं करा. खाच तारेच्या ब्रशने साफ करा, सैल असेल ते सगळं काढा. फडक्याने पुसा, मग केस वाळवायच्या यंत्राने दहा मिनिटं गरम हवा द्या, हात लावून कोरडं वाटेपर्यंत. पट्टी परत आत सारा आणि पत्र्याच्या छोट्या घड्या पाचरीसारख्या ठोकून ती घट्ट बसवा. मग खाच पॉलियुरेथेनने भरा, वरची कड बोटाने बाहेरच्या उताराची करा. नळी आदल्या रात्री घरात ठेवा, नाहीतर हात दुखेपर्यंत दाबली तरी बाहेर येणार नाही.

स्क्रू एकेक करून बदला, एक नंबर जाड आणि नवीन वॉशरसकट. रबर कडेने किंचित फुगलं की थांबा. आणखी आवळलं तर तेच रबर फाटतं.

अजून एक. जिथे वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर चढतो तिथली खालची कड बाहेरून बुजवू नका. चुकून आत गेलेलं पाणी त्याच तोंडातून बाहेर पडतं. आणि आतून, छताच्या खालच्या बाजूने काही फासत बसू नका. पाणी आत येतच राहतं, फक्त दिसत नाही, आणि लाकूड कुजतं.

दवबिंदू

काकांच्या "कोरडं वाटेपर्यंत" वर थोडं. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसायला लागते त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम असावा, असा लेपनाच्या कामात नियम असतो. म्हणजे गरम करून लगेच भरा. अर्धा तास गप्पा मारल्या तर डोळ्यांना न दिसणारं पाणी परत बसतं.

रंधा_पटाशी

नऊ दिवसांनी येतोय. मध्ये एकदा मुसळधार पाऊस झाला आणि एकदा बर्फ पडून वितळला, त्यामुळे परीक्षा पूर्ण झाली.

भिंतीचा सांधा काकांनी सांगितला तसा केला. एक नळी पुरली. पहिल्या दिवशी वरून नुसती साय धरली होती, पाचव्या दिवशी नखाने दाबलं तर घट्ट. स्क्रू आठ बदलले. मागच्या कोपऱ्यातली बादली पावसात रात्रभर ठेवली होती, सकाळी तळ कोरडा. बादली उलटी करून पुन्हा पुन्हा बघितली.

गॅसचा हीटर बंद केला, दारावर आणि समोरच्या भिंतीत जाळ्या बसवल्या. काम करताना आता जाड स्वेटर घालतो. टेबलावर सहा दिवसांत एक थेंब नाही. पत्र्याखाली सकाळी हात फिरवतो, रोज. ओलसर लागतो, पण टपकत नाही. उन्हाळ्यात खालून उष्णतारोधक पत्रे बसवायचे आहेत, तेव्हा पुन्हा त्रास देईन.

एकूण खर्च: एक नळी, मूठभर स्क्रू, दोन जाळ्या. अख्खं छप्पर बदलायला निघालो होतो मी!

वडिलांची पेटी अजून दिवाणखान्यातच आहे. पातं घासून लख्ख झालंय, तेल दिलंय. मुलगी विचारत होती की हे कसलं आहे, म्हणून काल तिला एका फळीवर रंधा मारून दाखवला. कागदासारखी पातळ ढलपी निघाली, तिने ती वहीत ठेवली आहे.

फक्त गाडीपाशी अजून थोडं येतंय. वाटीभर, तेही जोराच्या पावसातच. तिथला पत्रा उजवीकडच्या त्याच स्क्रूंच्या ओळीत येतो.

मिस्त्रीकाका

तुम्ही बदललेत ते आठ वरच्या बाजूचे असणार, शिडी तिथे होती म्हणून. त्या ओळीतला पन्हाळीजवळचा, सगळ्यात खालचा स्क्रू बघा. जोराच्या पावसात पन्हाळ तुंबून पाणी मागे चढत असेल तर तोच सापडेल. आणि पन्हाळीतली पानं काढलीत का?

रंधा_पटाशी

नाही काढली. शनिवारी कोरडं आहे म्हणतात, मेहुण्याला फोन करतो.